लाइन गेली तरी पुन्हा उभा राहणारा क्लाउड: दारव्ह्याच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्या सुरू आहेत. लॅब रिकामी आहे, तेव्हा आजपासून हात घातला. काम असं: कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये ओपनस्टॅकचा (आपल्याच मशीनवर क्लाउड उभा करणारं खुलं सॉफ्टवेअर) क्लाउड उभा करायचा, आणि तोही हातानं एकेक आज्ञा देत नाही, स्क्रिप्टनं, म्हणजे आज्ञा ओळीनं लिहून ठेवलेल्या फाइलीनं. उद्या सगळं पुसलं गेलं तर कुणीही स्क्रिप्ट चालवावी आणि तोच क्लाउड परत मिळावा.

तिसऱ्या वर्षाच्या पोरांना क्लाउडचा पेपर आहे. व्याख्या त्यांना पाठ असतात, पण स्वतःच्या हातानं एक व्हर्च्युअल मशीन (खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारं मशीन) चालू केलेलं पोरगं वर्गात सापडत नाही. मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडवर मोफत खातं उघडायचं म्हटलं तरी आधी कार्ड मागतात. ज्या घरात पैसा वर्षातून एकदा, कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो, तिथल्या पोरानं कार्ड कुठून आणायचं? आणि मशीन बंद करायचं राहून गेलं तर बिलाची धास्ती असतेच. आपल्याच खोलीत आपला क्लाउड असला की पोरं बिनधास्त मोडतोड करून शिकतील. मला ते हवं आहे.

सामान: नागपूरला सीताबर्डीतून घेतलेला एक जुना टॉवर सर्व्हर, ६४ जीबी रॅम, एक एसएसडी, आणि साठवणीसाठी वेगळी १ टीबीची हार्ड डिस्क. शिवाय लॅबमधले दोन आय-फाइव्हचे डेस्कटॉप, १६ जीबीवाले. तिन्हींवर उबुंटू २२.०४ लिनक्स. एक गिगाबिट स्विच. तिन्ही मशीनना नेटवर्कचं दुसरं कार्ड बसवून घेतलं.

७ नोव्हेंबर

दोन्ही डेस्कटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं, चालू केलं. प्रोसेसरच्या माहितीत ‘व्हीएमएक्स’ (इंटेलच्या प्रोसेसरवर व्हर्च्युअलायझेशनची खूण) दिसतं की नाही हे बघणं उभारणीच्या स्क्रिप्टमधली पहिली ओळ असेल. ते नसेल तर केव्हीएम (प्रोसेसरची मदत घेऊन मशीन वेगानं चालवणारा लिनक्सचा भाग) चालत नाही, सगळं नुसत्या क्यूएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं केलेल्या नकलेवर येतं, आणि मग एक छोटं लिनक्स सुरू व्हायलाही पोरं जांभया देतात.

९ नोव्हेंबर

पहिला प्रयोग डेव्हस्टॅकवर. ओपनस्टॅक झटपट उभं करायची ही जुनी आणि ओळखीची वाट. ‘स्टॅक’ नावाचा वापरकर्ता करायचा, त्याचं घर ‘/ऑप्ट/स्टॅक’मध्ये द्यायचं, ओपनडेव्हवरून डेव्हस्टॅक क्लोन करायचं, ‘लोकल.कॉन्फ’मध्ये चार पासवर्ड आणि मशीनचा आयपी लिहायचा, आणि ‘स्टॅक.एसएच’ चालवायची. पुढचं सगळं ती करते: मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल (डेटाबेस), रॅबिटएमक्यू (सेवांमधले निरोप), कीस्टोन (लॉगिन), ग्लान्स (प्रतिमा, म्हणजे मशीनच्या तयार डिस्क), प्लेसमेंट (कुठे किती जागा उरली), नोव्हा (मशीन चालवणं), न्यूट्रॉन (जाळं), सिंडर (साठवण), होरायझन (वेबपान).

ही स्क्रिप्ट मी मुळातून वाचून काढली, आणि शेल स्क्रिप्ट शिकणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी असं मनापासून वाटतं. मोठं काम तुकड्यांत कसं वाटायचं, प्रत्येक सेवेसाठी वेगळी फाइल कशी ठेवायची, मध्येच बिघडलं तर कुठे थांबायचं, सगळं तिथे उघड्यावर आहे.

नेट चांगलं असेल तर तासाभराच्या आत काम उरकतं. आमच्याकडे नोव्हाचा कोड उतरत असतानाच नेट गेलं. रस्त्याचं खोदकाम सुरू आहे, जेसीबीनं फायबर तोडली.

१२ नोव्हेंबर

फायबर जोडली गेली, डेव्हस्टॅक उभं राहिलं. होरायझनचं पान उघडलं, सिरॉसची प्रतिमा घेऊन एक मशीन चालू केलं. सिरॉस ही चाचणीपुरती केलेली लिनक्सची प्रतिमा, जेमतेम २० एमबीच्या आसपास. काही सेकंदांत लॉगिन आलं.

दुपारी लाइन गेली. इन्व्हर्टर लॅबच्या पंख्यांनाच पुरेना, सर्व्हर बंद पडला. लाइन आल्यावर बघितलं तर डेव्हस्टॅकच्या काही सेवा उठल्या, काही नाही. बाहेरच्या जाळ्याला जोडणाऱ्या पुलावरचा (ब्रिज) आयपी गेलेला, सिंडरची लूप फाइलवर (डिस्कसारखी वापरलेली साधी फाइल) बसवलेली डिस्क जोडलेली नाही. यात दोष डेव्हस्टॅकचा नाही. ते बनलं आहे ओपनस्टॅकचा कोड लिहिणाऱ्यांसाठी: उभं करा, तपासा, पाडा, पुन्हा उभं करा. मशीन बंद-चालू झाल्यावर टिकून राहण्याची हमी ते देत नाही, आणि रोजच्या वापरासाठी घेऊ नका हे त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे.

आमच्याकडे मात्र मशीन बंद-चालू होणं हा रोजचा प्रसंग. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले. मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, डीपीवर फ्यूज उडतो. तेव्हा या प्रकल्पाची खरी कसोटी आज ठरली. क्लाउड किती मिनिटांत उभा राहतो याला दुसरा नंबर. पहिला प्रश्न असा, की लाइन गेल्यावर, नेट नसताना, मी गावात नसताना तो परत उठतो का.

डेव्हस्टॅक एका डेस्कटॉपवर पोरांना कोड बघायला ठेवणार. लॅबचा क्लाउड कोला-अ‍ॅन्सिबलनं.

१४ नोव्हेंबर

कोला-अ‍ॅन्सिबलमध्ये ओपनस्टॅकची प्रत्येक सेवा वेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या सामानासह बांधलेल्या बंद डब्यात) बसते, आणि ते कंटेनर कुठे, कोणत्या सेटिंगनं बसवायचे हे अनेक मशीनवर एकदम मांडणी करणारं अ‍ॅन्सिबल बघतं. २०२४.१ ही आवृत्ती घेते आहे, हिचं नाव कॅराकल. उबुंटू २२.०४ वर ती नीट बसते.

बहुतेक निर्णय एकाच फाइलमध्ये घ्यायचे असतात, ‘ग्लोबल्स.वायएमएल’. आतल्या कामाचं नेटवर्क कार्ड कोणतं, बाहेरच्या जाळ्यासाठी कोणतं, सिंडर हवं की नको. बाहेरच्या जाळ्यासाठीच्या कार्डाला आयपी द्यायचा नसतो, ते पूर्णपणे न्यूट्रॉनच्या हवाली करायचं. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर ‘सिंडर-व्हॉल्यूम्स’ नावाचा एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) गट केला.

पासवर्ड आपण बनवायचे नसतात. ‘कोला-जेनपीडब्ल्यूडी’ सगळे पासवर्ड तयार करून ‘पासवर्ड्स.वायएमएल’मध्ये भरते, आणि परत चालवली तर फक्त रिकाम्या जागा भरते, आधीचे तसेच ठेवते. ही फाइल हरवली तर चालत्या क्लाउडला हात लावता येत नाही. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर, कपाटात.

१९ नोव्हेंबर

आज आणि उद्या कॉलेजचं आवार निवडणुकीच्या कामाला. उद्या विधानसभेचं मतदान. लॅबला कुलूप.

घरी बसून स्क्रिप्टचा आराखडा लिहिला. एकच लांबलचक फाइल करायची नाही. चार छोट्या: साठा, उभारणी, जागर, विसावा. ‘साठा’ नेट असताना जे जे लागतं ते उतरवून ठेवेल. ‘उभारणी’ नेटशिवाय क्लाउड उभा करेल. ‘जागर’ लाइन आल्यावर सगळं उठलं का ते पाहील आणि उठलं नसेल ते उठवेल. ‘विसावा’ लाइन गेल्यावर, बॅटरी संपायच्या आत, सगळं शांतपणे बंद करेल.

२५ नोव्हेंबर

‘साठा’चं काम चालू. मला वाटतं गावाकडच्या कुठल्याही लॅबला या सगळ्या प्रकल्पातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही.

सोयाबीन पेरणारा शेतकरी घरचं बियाणं राखून ठेवतो, तसा आमचा साठा. पेरणीच्या दिवशी दुकान बंद असलं तरी अडत नाही. साठ्याचे तीन भाग आहेत. उबुंटूची पॅकेजेस ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’मध्ये: मुख्य सर्व्हरच्या ३१४२ पोर्टवर ते बसतं, एका मशीननं एकदा उतरवलेलं पॅकेज बाकीच्यांना घरातूनच मिळतं. पायथनची पॅकेजेस ‘पिप डाउनलोड’नं एका फोल्डरमध्ये, आणि बसवताना पिपला सांगायचं की बाहेर जाऊ नकोस, याच फोल्डरात शोध. अ‍ॅन्सिबलची कलेक्शन्सही तशीच आधी उतरवून ठेवलेली. तिसरा आणि सर्वांत जड भाग कोलाच्या कंटेनर प्रतिमांचा.

या प्रतिमा क्वे.आयओ या नेटवरच्या कोठारात असतात. सगळ्या मिळून कितीतरी जीबी. आमच्या नेटवर त्या उतरायच्या म्हणजे रात्र-रात्र जागायचं आणि मध्येच तुटलं की परत मांडायचं. मागच्या वर्षी पास होऊन नागपूरला नोकरीला लागलेला एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, तुमची ग्लोबल्स फाइल पाठवा नं, मी इथून ओढून देतो.” त्यानं तीच फाइल लावून ‘कोला-अ‍ॅन्सिबल पुल’ चालवलं, सगळ्या प्रतिमा ‘डॉकर सेव्ह’नं फाइलींमध्ये बांधल्या, आणि गावी येताना हार्ड डिस्क घेऊन आला.

आता त्या आमच्या स्वतःच्या डॉकर रजिस्ट्रीत (प्रतिमा साठवून मागेल त्याला देणारी सेवा) आहेत. रजिस्ट्री ४००० पोर्टवर ठेवली. तिचं नेहमीचं पोर्ट ५०००, पण कीस्टोनही ५००० वरच ऐकतं, आणि दोघं एकाच मशीनवर असले की भांडण होतं. ‘ग्लोबल्स’मध्ये रजिस्ट्रीचा आपला पत्ता लिहिला की कोला बाहेर बघतही नाही.

आणखी एक फायदा. क्वेवरच्या प्रतिमा वरचेवर नव्यानं बांधल्या जातात, नाव तेच राहतं, आतला माल बदलतो. आज चाललेली उभारणी पुढच्या महिन्यात वेगळी वागू शकते. घरच्या रजिस्ट्रीतली प्रतिमा आपण बदलू तेव्हाच बदलते. सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी ती अधूनमधून बदलायची, पण ती परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, आपल्या सवडीनं.

२८ नोव्हेंबर

वर्गात निम्मी पोरं नाहीत. कापसाची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही, घरची पोरंच शेतात. जी आली त्यांच्याबरोबर ‘उभारणी’ लिहिली.

त्यांना आधी ओपनस्टॅक कुठून आलं ते सांगितलं. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून ते सुरू केलं. नोव्हाचा मूळ कोड नासाच्या नेब्युला प्रकल्पातला, स्विफ्ट रॅकस्पेसकडचं. पहिली आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. आज जिनिव्हाच्या सर्नमध्येही हेच चालतं. परवाना अपाची २.०, म्हणजे वापरा, बदला, वाटा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हंजे मॅडम, तिथं जे चालते तेच आपल्या इथं बी चालन?” कोड तोच. मशीन तीनच, एवढा फरक.

३० नोव्हेंबर

‘उभारणी’चा क्रम पक्का झाला. आधी तपासणी: व्हीएमएक्स, रॅम, डिस्कवरची जागा, सिंडरचा गट, दोन्ही कार्डांच्या तारा, रजिस्ट्री उत्तर देते का. मग कोलाच्या पायऱ्या: ‘बूटस्ट्रॅप-सर्व्हर्स’, ‘प्रीचेक्स’, ‘डिप्लॉय’, ‘पोस्ट-डिप्लॉय’. मग आमचा भाग: प्रतिमा चढवणं, फ्लेवर (मशीनचे ठरावीक आकार) बनवणं, बाहेरचं जाळं, आणि हजेरीपटाच्या सीएसव्हीवरून प्रत्येक पोराला एक प्रोजेक्ट, एक वापरकर्ता, कोटा, राउटर.

हा शेवटचा भाग आधी बॅशमध्ये होता. ‘प्रोजेक्ट आहे का बघ, नसेल तर कर’ असं प्रत्येक ठिकाणी लिहावं लागत होतं, आणि स्क्रिप्ट फुगत चालली. आता तो अ‍ॅन्सिबलच्या ‘ओपनस्टॅक.क्लाउड’ कलेक्शनवर नेला. तिथे आपण फक्त शेवटी काय असावं ते लिहितो. आधीच असेल तर ते हात लावत नाही. वर्गात उशिरा प्रवेश घेतलेलं पोरगं आलं की सीएसव्हीत एक ओळ वाढवायची आणि तेच परत चालवायचं. बाकीच्यांच्या मशीनना धक्का लागत नाही.

बॅशच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर ‘सेट -ईयूओ पाइपफेल’ आहे. एखादी पायरी फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, अर्धवट पुढे रेटत नाही. आणि प्रत्येक पायरीआधी मराठीत एक ओळ छापते, ‘आता रजिस्ट्री तपासतोय’ अशी. लॅबचे काका इंग्रजी फारसं वाचत नाहीत, पण स्क्रिप्ट कुठे थांबली ते मला फोनवर अक्षर न चुकता सांगतात.

३ डिसेंबर

नेटची तार मुद्दाम काढून ठेवली आणि ‘उभारणी’ कोऱ्या मशीनवर चालवली.

‘प्रीचेक्स’वर थांबली. एका डेस्कटॉपचं घड्याळ काही वर्षं मागे होतं. तो रात्रभर बंद होता आणि मदरबोर्डवरचा सेल मेलेला. नेट असतं तेव्हा हे दिसत नाही, कारण सुरू झाल्याबरोबर क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) बाहेरून वेळ घेतं आणि घड्याळ सरळ होतं. नेट नसलं की मशीन जुन्या सालातच राहतं. मग ॲप्ट म्हणतं ही यादी अजून लागूच झालेली नाही, सुरक्षित दुवे म्हणतात प्रमाणपत्राची तारीख पुढची आहे, आणि तीन मशीनचे लॉग शेजारी ठेवले तर आधी काय झालं आणि नंतर काय ते कळत नाही. कोला घड्याळ जुळलं आहे का हे आधीच तपासतं, म्हणून ते उभारणीच्या मध्यावर न होता सुरुवातीलाच उघड झालं.

उपाय दोन केले. बाजारात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून सीआर२०३२ चे सेल आणले आणि तिन्ही मशीनमध्ये नवे बसवले. लॅबमधल्या बाकी पीसींचेही बदलून घेणार. दुसरा उपाय क्रोनीत: मुख्य सर्व्हर घरातला वेळ-सर्व्हर झाला, ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ घालून. बाहेरचं नेट असेल तर तो तिथून वेळ घेतो, नसेल तर स्वतःचीच देतो. दोन्ही डेस्कटॉप फक्त त्याचं ऐकतात. तिघांची वेळ जगाशी दोन सेकंद चुकली तरी चालेल, एकमेकांशी चुकून चालणार नाही.

४ डिसेंबर

परत कोऱ्यापासून, परत नेटशिवाय. तासाभरात क्लाउड उभा. होरायझन उघडलं, सिरॉस चालू झालं, फ्लोटिंग आयपीला (बाहेरून मशीनपर्यंत पोचायचा पत्ता) पिंग आलं.

१० डिसेंबर

‘जागर’.

लाइन धाडकन गेली आणि यूपीएसही संपला असं धरून मुख्य सर्व्हरचा प्लग काढला. परत लावला. डॉकरनं कंटेनर उठवले, पण होरायझनवर लॉगिन होईना. कीस्टोन डेटाबेस मागत होतं आणि मारियाडीबी उठायलाच तयार नव्हतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. कोला मारियाडीबीला गॅलेरा क्लस्टर (एकच माहिती जपणाऱ्या अनेक डेटाबेसांचा गट) म्हणून बसवतं, मशीन एकच असलं तरी. गॅलेरा शेवटची स्थिती ‘ग्रास्टेट.डॅट’ नावाच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतं. नीट बंद केलं तर तिथे शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक असतो आणि ‘सेफ टू बूटस्ट्रॅप’समोर १. अचानक वीज गेली तर क्रमांकाच्या जागी उणे १ आणि ‘सेफ टू बूटस्ट्रॅप’समोर ०. म्हणजे मारियाडीबी म्हणतं, माझ्याहून ताजी माहिती दुसऱ्या कुणाकडे असू शकते, मी एकटा पुढाकार घेणार नाही. मोठ्या क्लस्टरमध्ये हा शहाणपणाच आहे. आमच्याकडे दुसरं कुणी नाहीच, तेव्हा त्याला ते सांगावं लागतं. त्यासाठी ‘कोला-अ‍ॅन्सिबल मारियाडीबी_रिकव्हरी’ आहे: ती कंटेनर थांबवते, सर्वांत पुढे कोण आहे ते शोधते आणि त्याच्यापासून क्लस्टर सुरू करते.

फाइल हातानं दुरुस्त करूनही काम होतं, पण ती वाट पोरांना दाखवणार नाही. अंगवळणी पडली की एक दिवस खरोखर तीन डेटाबेस असलेल्या ठिकाणी ती वापरली जाईल आणि कुणाचा तरी डेटा जाईल.

‘जागर’ आता सिस्टमडीची (मशीन सुरू होताच कामं चालू करणारा लिनक्सचा भाग) सेवा आहे. मशीन सुरू झालं की डॉकरची वाट पाहते, मारियाडीबी ‘सिंक्ड’ म्हणतं का विचारते, काही मिनिटांत नाही म्हटलं तर रिकव्हरी चालवते. मग रॅबिटएमक्यू, मग कीस्टोनकडून टोकन मिळतं का, मग तिन्ही मशीनवरचं नोव्हा-कॉम्प्यूट ‘अप’ आहे का. शेवटी लॅबच्या पीसींवर दिसणाऱ्या पानावर एक ओळ लिहिते: ‘क्लाउड तयार’ किंवा कुठे अडलं ते.

पोरांची मशीन आपोआप उठावीत म्हणून ‘/इटीसी/कोला/कॉन्फिग/नोव्हा.कॉन्फ’मध्ये एकच सेटिंग घातलं, ‘रिझ्यूम गेस्ट्स स्टेट ऑन होस्ट बूट’. मशीन जाताना जी चालू होती तीच परत चालू होतात, बंद होती ती बंदच राहतात.

१६ डिसेंबर

‘विसावा’. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला लावून ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारं साधन) बसवलं. बॅटरी खाली आली की आधी पोरांची मशीन, मग कंटेनर, मग डेस्कटॉप, शेवटी मुख्य सर्व्हर. डेटाबेस शांतपणे बंद झाला की ‘जागर’ला फार काम उरत नाही. त्यासाठी यूपीएसनं दहा मिनिटं तग धरली तरी पुरे, तो तासभर चालावा असा हट्ट नाही.

२० डिसेंबर

जीनिंगचा हंगाम भरात आहे. कॉलेजच्या मागेच जीनिंग, हवेत सगळीकडे रुई. सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर पांढरा थर बसलेला, हातानं सोलून काढता आला. जाळीवर धुऊन लावता येईल असा कापडी फिल्टर बसवला, दर शनिवारी ब्लोअर. ही जबाबदारी काकांनी स्वतःहून घेतली. तापमान ‘जागर’च्या पानावर दिसतं.

२ जानेवारी २०२५

पोरं आली. आज पहिल्यांदा पूर्ण वर्ग क्लाउडवर. प्रत्येकानं स्वतःची की-जोडी (लॉगिनची गुप्त आणि उघड किल्ली) बनवली, डेबियनची क्लाउड प्रतिमा घेऊन मशीन चालू केलं, एसएसएचनं आत लॉगिन केलं. क्लाउड-इनिट (मशीन पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणारं साधन) की कुठून आणतं, १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता काय (मशीनला स्वतःची माहिती तिथून मिळते), हे आता सांगावं लागलं नाही. त्यांनीच मशीनच्या आतून विचारून पाहिलं आणि उत्तर फळ्यावर लिहिलं.

९ जानेवारी

एक अडचण, जिच्यात पोरं बराच वेळ गुंतली. मशीनमध्ये डॉकर बसवलं, छोटी विनंती जाते, पिंग जातो, पण कंटेनरमधून काही मोठं उतरवायला गेलं की अडकून बसतं. चूक कुठेच दिसत नाही, नुसतं थांबलेलं.

न्यूट्रॉन पोरांची जाळी व्हीएक्सलॅनमधून, म्हणजे पाकिटावर दुसरं वेष्टण घालून नेतं, आणि त्या वेष्टणाला ५० बाइट लागतात. म्हणून मशीनच्या कार्डावर पाकिटाची मर्यादा १५०० नसते, १४५० असते. मशीनला हे माहीत असतं. आतलं डॉकर मात्र स्वतःचा पूल १५०० नेच बनवतं, आणि मोठी पाकिटं वाटेत गळतात. डॉकरच्या ‘डीमन.जेसन’मध्ये एमटीयू (पाकिटाची मर्यादा) १४५० लिहिलं की सुटतं. आता ते क्लाउड-इनिटच्या नमुना फाइलीतच आहे.

एका मुलीनं पिंगला वेगवेगळ्या आकाराची पाकिटं द्यायला लावून नेमकी कोणत्या आकड्याला वाट बंद होते ते शोधलं. मी सांगायच्या आधी. ती जिथे कामाला जाईल त्या लोकांचं नशीब चांगलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत, तिळगूळ झाला. आज दुपारी डीपी जळाला, गावभर लाइन नाही. ‘विसावा’नं काम केलं.

१६ जानेवारी

रात्री उशिरा लाइन आली. नेट अजून नाही. सकाळी मी यवतमाळला एका कामात होते, काकांचा फोन: “मॅडम, पानावर लिवलं हाये, क्लाउड तयार.” मी काहीही केलं नव्हतं. वर्ग वेळेवर सुरू झाला. दुपारी पोचले तेव्हा एक पोरगा स्क्रीन दाखवायला उठून आला, “माही मशीन तं चालूच हाये मॅडम, फाइल बी तशीच हाये.” त्यानं त्यात गावातल्या दूध संकलनाचा हिशेब ठेवणारं छोटं वेब ॲप टाकलं आहे, वडिलांसाठी. लिटर, फॅट, दर, दहा दिवसांचा चुकारा.

खूप बरं वाटलं. ओलिताच्या दिवसांत, नेट नसताना, तिसऱ्या वर्षाचं पोरगं स्वतःच्या सर्व्हरवर काम करतं आहे.

३० जानेवारी

‘डिस्ट्रॉय’ चालवून सगळा क्लाउड मुद्दाम पाडला, पोरांसमोर. ही आज्ञा लांबलचक खात्रीचा शब्द लिहिल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे. त्याआधी पोरांनी आपापल्या मशीनच्या प्रती काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या. मग ‘उभारणी’ त्यांनीच चालवली, मी खुर्चीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत क्लाउड परत, प्रती चढवल्या, दुधाचा हिशेब जागेवर.

पोरांनी मागितलेले बदल: तपासणीत फसलेल्या सगळ्या गोष्टी एकदम सांगा, एकेक करून नको. वाजवी आहे, केलं.

२० फेब्रुवारी

साठा ताजा केला. नव्या प्रतिमा आधी एका डेस्कटॉपवर चाचणीला, तिथे आठवडाभर चालल्या की मुख्य रजिस्ट्रीत. जुन्या पुसायच्या नाहीत, एक पिढी मागची राखून ठेवायची.

२५ मार्च

ऊन चढलं. लॅबला एसी नाही, आणि कुलरची ओली हवा सर्व्हरच्या तोंडावर सोडायची नाही, म्हणून कुलरचं तोंड पोरांकडे आणि सर्व्हर उत्तरेच्या भिंतीला, बंद खिडकीखाली. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बारा ते पाच ‘विसावा’. वेळापत्रक टायमरमध्ये घातलं. सकाळी सातचे वर्ग, तोपर्यंत ‘जागर’ होऊन गेलेला असतो.

२ एप्रिल

नेर आणि दिग्रसकडच्या दोन कॉलेजांतल्या शिक्षकांनी स्क्रिप्ट मागितल्या. देते आहे, साठ्याच्या हार्ड डिस्कसकट, म्हणजे नेटवर विसंबावं लागणार नाही. पासवर्डची फाइल आणि हजेरीपट त्यातून काढले. सोबत एक पान लिहून दिलं. कोलाच्या कागदपत्रांत कमीत कमी ८ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क सांगितली आहे. तेवढ्यावर क्लाउड उभा राहतो, पण वर्गभर पोरांना मशीन द्यायची तर ३२ जीबीच्या खाली जाऊ नका. प्रत्येक मशीनला नेटवर्कची दोन कार्डं. डिस्क एसएसडी. यूपीएस यूएसबीवाला. आणि पहिल्या दिवशी, स्क्रिप्टला हात लावायच्या आधी, सगळ्या मशीनचे सीआर२०३२ सेल बदलून घ्या.

दिग्रसच्या सरांनी विचारलं, एकच मशीन असेल तर? चालेल. ‘ऑल-इन-वन’ इन्व्हेंटरी (मशीनची यादी) घ्या, एचएप्रॉक्सी (विनंत्या मशीनमध्ये वाटणारी सेवा) बंद करा, आणि आतला पत्ता म्हणून त्या मशीनचाच आयपी द्या. बाकी स्क्रिप्ट तशीच. शुक्रवारी एसटीनं ते डिस्क न्यायला येणार आहेत.